मास्तरांच्या छातीचा अर्धा इंच

टेलर मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांच्या छातीची मापं घेतली, पण स्वतःच्या छातीकडे त्यांचं लक्ष गेलं ते सर्दी-खोकल्याने अंथरूण धरायला लावलं तेव्हाच. डॉक्टरांच्या औषधाने ताप उतरला, पण खोकून खोकून बरगड्या पार आखडल्या होत्या.

भाची भेटायला आली. हाताने सांधे, स्नायू मोकळे करायचं ती रीतसर शिकली होती.

"मामा, औषध चालूच ठेवायचं. हा व्यायाम नुसता सोबतीला. आणि धाप लागली तर थेट डॉक्टरकडे," तिने आधीच बजावलं. मग मास्तरांचे तळहात खालच्या बरगड्यांवर ठेवले. "आता श्वासाने हात बाहेर ढकला. खांदे उचलायचे नाहीत."

"बरगड्या हलतात होय? मला वाटायचं, पिंजरा तो पिंजरा."

"बादलीची कडी कशी वर उचलली जाते, तशा हलतात."

मग तिने त्यांना उताणं झोपवून पावलं पुढे-मागे झुलवायला लावली. सगळं अंग डोक्यापर्यंत हलू लागलं. मास्तरांची बायको दारातून बघत होती. "माझ्या सांगण्यावरून कधी जागचे हलले नाहीत. भाचीने सांगितलं तर झोपून नाचतायत."

"याने काय होतं गं?" मास्तरांनी विचारलं.

"अंगात साचलेलं पाणी पुढे सरकायला मदत होते म्हणतात. किती होते, ते अजून नक्की ठाऊक नाही."

या प्रामाणिक उत्तराने मास्तरांचं समाधान होईना. त्यांनी टेप मागवली. श्वास सोडून सदतीस, भरून साडेसदतीस. फरक अर्धा इंच. भाचीचा भरला दोन. बायको आधी नको म्हणाली, मग तिचा पावणेदोन निघाला.

"म्हणजे घरात श्वासाला मीच कंजूष," मास्तर म्हणाले.

रोज सकाळी व्यायाम करून मास्तर हा फरक खडूने कपाटाच्या दारावर लिहू लागले. सहाव्या दिवशी एक इंच झाला, सातव्या दिवशी पुन्हा पाऊण. तिसऱ्या आठवड्यात दीड भरला, तशी त्यांनी भाचीला फोन लावला. "व्यायामाने झालं, औषधाने, की आपोआप?"

"एका माणसावरून नाही सांगता येत, मामा."

मास्तरांनी दुकान पुन्हा उघडलं त्याच दिवशी कोटासाठी एक गिऱ्हाईक आलं. मास्तरांनी त्याला श्वास सोडायला लावला, मग भरायला. फरक तीन इंच.

"तुम्ही करता काय?"

"पोहायला शिकवतो."

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली आणि त्याच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. "बसा जरा. कोटाचं बघू नंतर."