सोन्याच्या घड्याळाची मोडकी दांडी

स्थळ जुन्नर, वार रविवार, वेळ भर बाजाराची. साक्षीदार दोन: शेजारचा शिंपी आणि अर्जलेखक या नात्याने मी स्वतः. वस्तू एक: परदेशी बनावटीचे सोन्याचे जुने घड्याळ, मालक आळे गावचे एक बागाईतदार. ते दुरुस्तीला घेणाऱ्याचे नाव देत नाही. ज्याच्यावर आळ आहे त्याचे नाव मी उगीच लिहीत नसतो.

हा कारागीर बोलतानाही डोळ्यावरचे भिंग काढीत नसे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणात आतून तो सुईने आपली बारीक खूण कोरी. या घड्याळात ती नव्हती, कारण दुरुस्ती झालीच नव्हती. आतल्या चाकाची दांडी मोडली होती आणि कंपनी ती आता बनवीत नाही, असे सुटे भाग विकणाऱ्या मुंबईच्या दुकानदाराने त्याला तोंडी सांगितले होते.

"मिस्त्री, अस्सल दांडी तुमीच काढून विकली," बागाईतदार म्हणाले. "वडलांपासून रखडत का हुईना चालत व्हतं, तुमच्या हातात आलं नि मेलं व्हय?"

"पावणं, दुसरी घासून बसवली असती तर तुमाला कळलंबी नसतं," तो शांतपणे म्हणाला. "पण तबकडीवर नाव कंपनीचं हाय. शिव्या मातर मला."

कचेऱ्यांना मी पुष्कळ अर्ज लिहिले आहेत. समुद्रापलीकडच्या कारखान्याला लिहिलेला, मिस्त्रीचा हा पहिलाच. त्याची अखेर मी अशी केली:

सबब, आपण विकलेल्या वस्तूचा भाग आपणच पुरवावा. तो बनवणे बंद केले असल्यास तसे सहीशिक्क्यानिशी कळवावे, म्हणजे हा मनुष्य चोर नाही, एवढे तरी बाजारात वाचून दाखवता येईल. उत्तर अवश्य यावे, ही विनंती.