प्रार्थनेत रोशनीचं नाव मी घेतलं नाही

झाशीला जायचं मी चार वर्षं टाळत होते. धाकटा भाऊ सुधीर तिथे रेल्वेत आहे. त्याने आणि त्याच्या बायकोने, शैलाने, अनाथाश्रमातून रोशनीला घरी आणलं, तेव्हा "आपल्या रक्ताची नाही ती" असं मीच तोंड वर करून म्हणाले होते. आता नऊ वर्षांच्या रोशनीचा बाप्तिस्मा ठरला आणि "आत्याने यायचंच" असा निरोप खुद्द तिनेच पाठवला. मग काय, भरली बॅग.

नगरहून थेट गाडी आहे, पण आरक्षण लवकर करा. थंडीत शाल हाताशीच ठेवा, भोपाळनंतर गारठा हाडांत शिरतो. सुधीरचं घर सीपरी बाजारात, स्टेशनपासून जवळच. ऑटोवाला दीडशे म्हणाला, ऐंशीवर आला.

शनिवारी सकाळी किल्ला पाहिला. चढ बेताचा आहे, तरी गुडघे कुरकुरणाऱ्यांनी बूट घालूनच जावं. रोशनीने माझा हात धरला होता आणि वाटभर तिची टकळी चालू होती. खाली शेंगा विकणाऱ्या बाईने कौतुकाने विचारलं, "बिटिया आपकी कौन लगती है?"

"भाई के यहाँ रहती है," मी म्हणाले.

रोशनीने माझा हात सोडला. शेंगा सोलून दाणे मात्र माझ्याच हातावर ठेवत राहिली. ते खाताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरीही संध्याकाळी मी सुधारले नाहीच. आमच्याकडे जेवणाआधी प्रार्थना होते आणि घरातलं वडीलधारं माणूस लेकरांची नावं एकेक करून देवाच्या हाती सोपवतं. त्या दिवशी तो मान माझा. माझी मुलं, नातवंडं, पुण्याच्या बहिणीची मुलं, सगळ्यांची नावं मी घेतली. रोशनीचं तेवढं ओठांवर येऊनही गिळलं आणि 'आमेन' म्हटलं. शैला उठून स्वयंपाकघरात गेली. सुधीर एवढंच म्हणाला, "ताई, जेवून घे."

रविवारी घराजवळच्याच लहानशा चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. पाळक म्हणाले, "परमेश्वर खून देखकर नहीं अपनाता. आज से तुम उसकी बेटी हो." रोशनीच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं आणि ती खुदुखुदु हसत होती. इतका आनंद मला माझ्या देवाचा कधी झाला होता, ते आठवेना. त्याच्या घरात मीसुद्धा दत्तकच की! आणि इतकी वर्षं वावरले मालकिणीच्या तोऱ्यात. लाजेने मला मान वर करवेना. बाहेर सगळ्यांनी कचोरी आणि गरम जलेबी खाल्ली, मी नुसते द्रोण भरून देत राहिले.

परतून आठवडा झाला. शेजारणींना मी किल्ल्याचे फोटो दाखवते, बाकीचं सांगत नाही. काल मात्र राहवेना म्हणून फोन लावला. रोशनीनेच उचलला.

"बाळा, त्या दिवशी प्रार्थनेत तुझं नाव..."

"अरे, वो तो आप भूल गई थीं ना आत्या! मी देवाला सांगितलं, आत्या बहुत थक गई है."

पोरीने आयतं पांघरूण घातलं होतं. ते ओढून घ्यायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू!

"विसरले नव्हते गं. मुद्दाम घेतलं नाही. माझं चुकलं."

 पलीकडून हळूच ऐकू आलं, "तो अब ले लीजिए. मैंने आँखें बंद कर ली हैं."