शे की शह?

सई, अर्णव, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं हुज्जत घालत होतात, की बुद्धिबळात हात लावलेला मोहरा हलवायलाच हवा हा नियम दुष्ट आहे. म्हणून धुळ्याची ही हकीकत लिहून पाठवते. त्या स्पर्धेत मी आर्बिटर, म्हणजे पंच होते. जिंकणारा राज्य स्पर्धेला जाणार होता.

शेवटचा डाव. पांढरी घेऊन केदार, मूळ पुण्याचा, शिरपूरच्या कॉलेजात नुकताच शिकवायला आलेला. समोर चोपड्याचे नाना, केळीचे बागायतदार. केदारने किंग्ज गॅम्बिट लावला होता. यात दुसऱ्याच चालीला प्यादं देऊ करायचं आणि आपल्या राजाचं दार उघडं टाकून हल्ल्याला धावायचं. नानांनी प्यादं खाल्लं. पुढे घोडाही खाल्ला. आता केदार पुढच्याच चालीत मात देणार होता, पण त्याच्या क्लॉकवर मोजकेच सेकंद होते.

नानांनी वजीर केदारच्या राजासमोर आणला. मध्ये प्यादं होतं, म्हणजे शह नव्हता. तेवढ्यात चहावाल्या बाई आल्या.

"नाना, डायबिटीस शे का तुमले? बिनसाखरना दिऊ?"

"शे!" नाना खणखणीत म्हणाले.

अहिराणीत शे म्हणजे आहे. आणि शह आपण बोलताना शेहच म्हणतो. केदारने घाईघाईने राजा उचलला. मग त्याला प्यादं दिसलं.

"मॅडम, ही चीटिंग आहे! शह नसताना शह म्हणाले."

"मी कोठे शह म्हनं? बाईनी इचारं, मी सांगं."

हॉलमधले निम्मे लोक खाली बघून हसत होते. मी हसून चालणार नव्हतं.

"नाना, डाव चालू असताना बोललात, वॉर्निंग. केदार, तुम्हाला दोन मिनिटं वाढवून देते. पण टच मूव्ह. राजा हलवा."

"मॅडम, मात होती हो!"

"होती."

राजा एक घर सरकला. त्या एका चालीत नानांनी बचाव बांधला. घोडा जास्तीचा होताच. डाव त्यांचा झाला.

बक्षीस समारंभात नाना जिलबीच्या ताटापाशी सापडले. तिसरी उचलत होते.

"नाना, डायबिटीस?"

"कोन्ले?" ते म्हणाले. "ल्या ना अक्का, गरम शे."

निकालावर सह्या झाल्या होत्या. तर पोरांनो, ओपनिंग पाठ करा, पण समोरच्याची भाषाही थोडी शिकून घ्या.

त्या हॉलच्या दारावर मी लावलेली पाटी अजून आहे: "आत चहा मिळणार नाही." खाली कुणीतरी खडूने लिहिलेलं "बाहेर शे" तेही आहे.