नेलपॉलिश लावलेल्या गोगलगायी

बदली होऊन घोडेगावात आले, तेव्हा हौसामावशींचा आवाज आधी ऐकला, माणूस नंतर पाहिलं. सकाळी भिंतीपलीकडे त्या कुणाला तरी दटावत होत्या, "लई माजलीस. काल खाल्लं ते पुरं न्हाई झालं?" मला वाटलं, सुनेची खरडपट्टी चाललीय. टाचा उंचावून पाहिलं, तर मावशींच्या हातात एक गोगलगाय होती.

साठी उलटलेल्या, काटक, पदर कायम कमरेला खोचलेला. त्यांचं माहेर डिंभ्याच्याही वर डोंगरात. तिथून आणलेल्या काळ्या घेवड्याचं बी त्या दर पावसाळ्यात पेरून टिकवत आल्या होत्या. बाजारात तो मिळत नाही, आणि माहेरीही आता कुणाकडे उरला नव्हता. आदल्या वर्षी गोगलगायींनी वेल फस्त केले, मूठभर बी तेवढं राहिलं. या खेपेला मावशींनी ते सगळं पेरलं होतं. "ह्ये गेलं तर संपलं, बाई," त्या मला म्हणाल्या.

विषारी गोळ्या टाकायला त्या तयार नव्हत्या, कारण अंगणात कोंबड्या. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याकडेला टाकायचं आणि उजाडताच उलटून खालच्या गोगलगायी वेचायच्या, ही त्यांची रीत. कुठलीही कुरकूर केली की त्यांचं उत्तर ठरलेलं, "त्ये ऱ्हाऊ द्या, आधी गोणपाट उचला." माझ्या झेंडूसाठी मीही तेच करू लागले. वेचलेल्या गोगलगायी मारायला मात्र हात धजेना. मग इकडेतिकडे बघून मी त्या भिंतीपलीकडे भिरकावून द्यायची. पलीकडे कोण राहतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. लिहितानाही लाज वाटते.

घेवड्याची रोपं रोज कमी होऊ लागली. एवढ्या वेचूनही या येतात कुठून, म्हणून मावशी हैराण. एका सकाळी माझ्या गोणपाटाखाली एक गोगलगाय निघाली, तिच्या शंखावर लालभडक ठिपका. मग दुसरी, मग तिसरी. कुणीतरी खूण करून ठेवली होती; माझी चोरी पकडली गेली, असंच वाटलं. बादली घेऊन मी मावशींच्या पायरीशी गेले आणि सगळं कबूल केलं. तोवर पाचच वेल उरले होते.

मावशींनी बादलीत डोकावलं आणि एक ठिपकेवाली उचलून निरखली.

"ठिपकं मीच लावलं, सुनंच्या नेलपॉलिशनं," त्या हळूच म्हणाल्या. "टाकल्याली परत येती का बघाया."

"टाकत कुठे होता?"

"तुमच्याकडं. मलाबी मारवत नाय. तुमचा नुसता झेंडूच हाय म्हनलं. परत आल्या तवा वाटलं, भिंत चढून येत्यात."

पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही. आवाज ऐकून सून सुरेखा बाहेर आली. सगळा प्रकार ऐकून तिने कपाळावर हात मारला, आणि बादलीत मिठाचं पाणी ओतून मोकळी झाली. त्या दिवसापासून दोन्हीकडच्या गोगलगायी तिच्या ताब्यात. पाचातले तीन वेल जगले. दिवाळीनंतर शेंगा वाळल्या, तेव्हा मावशींनी अर्धं बी माझ्या ओंजळीत घातलं.

मावशी गेल्या उन्हाळ्यात गेल्या. आजारी अशा फार नव्हत्याच. त्यांचा आवाज नसलेली सकाळ मला अजून सोसत नाही.

त्याच वर्षी मृगाच्या सुमारास सुरेखा भिंतीशी येऊन उभी राहिली. हातात मावशींचा बियाण्याचा डबा, डोळे लाल. दुखवट्यात डब्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं आणि भुंग्यांनी आतलं सगळं बी पोखरलं होतं. "आत्यांनी येवढं जपलं, माझ्या हातनं गेलं," ती म्हणाली. मी घरात गेले, राखेत घोळून ठेवलेलं बी आणलं आणि सगळंच्या सगळं तिच्या पदरात ओतलं.

ती बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिली. मग तिने त्यातलं अर्धं मोजूनमापून माझ्या हातावर परत ठेवलं.

"समदं नका देऊ," ती म्हणाली. "माझ्याकडनं पुन्हा गेलं तर कुनाकडं येऊ?"