उजवीकडून तीन, मग दोन-दोन

बायांनो, मंडळाच्या या फळ्यावर एरवी भजनाची वेळ असते. आज ती कोपऱ्यात लिहिली अन् वरची जागा मी घेतली.

आज माझी नात मीना मले अन् तिच्या बापाले सौंसरच्या कम्प्युटर क्लासात घेऊन गेली. चपला बाहेर काढा लागल्या. मी जामसांवलीच्या मारुतीले गेल्यासारखे हातच जोडले, पोरी हसून राहिल्या.

निघतानाच तिच्या बापानं बजावलं होतं, "कामाचं काही दिसलं तर शिक, नाहीतर क्लास बंद."

व्यापाऱ्यानं आमच्या संत्र्याच्या बगीच्याले लावलेली बोली मीनानं मशीनवर दाखवली. रुपये १२५,०००.

"हे एकशे पंचवीस हजार काय व? लाख कुठी गेला?"

"बाबा, मशीन बाहेरदेशची आहे. तिकडं तीन-तीन आकड्यांवर कॉमा देतात."

तो तर उठून राहिला होता. मी म्हटलं, "बस रे. मशीन आता सौंसरात आहे न, मग सौंसरासारखं लिहील. मीना, उजवीकडून तीन आकडे सोड, मग दोन-दोन." प्रौढांच्या वर्गात माझं एवढंच तर पक्कं झालं होतं.

मीनानं तेच मशीनच्या भाषेत लिहिलं. दोनदा चुकलं. मी जागची हलली नाही. तिसऱ्यांदा आलं, रुपये १,२५,०००.

बापानं बोट लावून वाचलं, "सव्वा लाख." मग हळूच म्हणे, "उद्या कितीची बस आहे तुझी?"

तुमच्या घरी अशी पोरगी असल, तर पाठवता का मीनासंग?