काजव्याचा पांढरा उजेड

आमच्या धाकटीच्या नवऱ्याला मी पहिल्यापासून काजवा म्हणते. गाड्यांचे दिवे बसवणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? तो हसतो, "बरं ताई," म्हणतो आणि बॉनेटमध्ये डोकं खुपसतो.

हात मात्र चोख. गाडी भिंतीसमोर उभी करायची आणि भिंतीवरच्या खडूच्या रेघेखाली उजेड येईपर्यंत स्क्रू पिळत बसायचं. खोट एकच. पिवळ्या बल्बासाठी घडवलेल्या दिव्यात हा लख्ख पांढरे बल्ब घालून द्यायचा. कायद्यात ते बसत नाही, म्हणून गाडीच्या तपासणीआधी पिवळे घालायचे आणि पास झालं की पुन्हा पांढरे. सगळ्यांचे पिवळे बल्ब चिंध्यांत गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात पडलेले असायचे. मी त्याला सज्जनांचा डबा म्हणायचे.

धाकटी चिडायची. "अरे, समोरच्याचे डोळे दिपतात!"

"उजेड रेघेखाली आहे ना? मग झालं तर."

त्या संध्याकाळी मी दुकानात बसून होते. धाकटी दवाखान्यातली ड्यूटी संपवून स्कूटरवर येणार आणि मला घरी नेणार, असं ठरलेलं. एक फरशीवाला पांढरे बल्ब बसवून घेऊन खुशीत निघाला. जाता जाता म्हणाला, "आता गोदामातून फरश्या भरतो आणि कालव्याच्या रस्त्याने सुटतो. अंधाराची कटकटच मिटली!"

गाडी वळली आणि हात पुसता पुसता काजवा थांबला.

"काय रे?"

"ताई, मी रेघ धरली तेव्हा गाडी रिकामी होती."

"मग?"

"मागे फरश्या भरल्या की मागचा भाग दबणार आणि तोंड वर होणार. उजेड सरळ समोरच्याच्या डोळ्यांत."

आमची धाकटी कालव्याच्याच रस्त्याने येत होती. एका अंगाला पाणी, कठडा नावालाही नाही.

फरशीवाल्याचा फोन लागेना. धाकटीचा वाजून वाजून बंद झाला. स्कूटर चालवताना ती फोन घेत नाही, ही सवय ह्यानेच लावलेली. दुकान उघडंच टाकून आम्ही काजव्याच्या खटाऱ्यात बसलो. गोदामावर हमाल म्हणाला, "आत्ताच गेले की!"

एरवी त्या खटाऱ्याची मी सालटी काढली असती. त्या दिवशी मी नुसता धाकटीचा नंबर लावत राहिले. यावरून काय ते समजा.

कालव्यावर अंधारून आलं होतं. लांबवर झाडांचे शेंडे पांढरेफटक होत होत पुढे सरकत होते. रस्त्यावर पडायचा तो उजेड फांद्यांत चढला होता.

"तीच गाडी," काजवा म्हणाला.

हॉर्नवर हात दाबून तो सुटला. तेवढ्यात पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे पेटले आणि ती थांबली.

आम्ही धावलो. स्कूटरचं पुढचं चाक काठाबाहेर, पाण्यावर. धाकटी दोन्ही पाय रोवून, ब्रेक आवळून, डोळे गच्च मिटून बसलेली. काजव्याने आधी तिला कमरेला धरून मागे ओढलं, मग स्कूटर.

"कुठल्या मेल्याने बसवलेत हे दिवे?" डोळे न उघडताच ती ओरडली.

"ह्यांनीच की!" फरशीवाला कौतुकाने म्हणाला. "तुम्हालाही देतील बसवून."

मला वाटलं, आता भडका उडणार. धाकटीने डोळे उघडले, इकडेतिकडे चाचपडलं.

"मला अजून सगळं पांढरंच दिसतंय रे. तू कुठे आहेस?"

"इथेच," काजवा म्हणाला. तिचा हात त्याच्याच हातात होता.

जरा वेळाने तिला माझा चेहरा दिसायला लागला. मग काजव्याने खिशातून चिंधी काढली. फरशीवाल्याचे पिवळे बल्ब अजून सज्जनांत जमा झाले नव्हते. मी मोबाइलचा उजेड धरला. त्याने दोन्ही बल्ब बदलले आणि स्क्रू पिळून दिव्यांची मान खाली केली.

"अहो, पण मला पांढरेच आवडले होते!" फरशीवाला कुरकुरला.

"मलाही माझी बहीण आवडते," मी म्हटलं.

आता डबा रिकामा होत आलाय. काजवा एकेकाला बोलावून पिवळे बल्ब परत घालून देतो. जे ऐकत नाहीत ते समोरच्या दुकानात जातात आणि हा त्यांच्याकडे बघत राहतो. कोपऱ्यात वाळूची पोती आलीत. आधी पोती गाडीत भरायची, मगच रेघ धरायची. शेवटी धाकटी स्कूटर घेऊन समोर बसते आणि काजवा दिव्याशेजारी उभा राहून विचारतो, "मी दिसतोय?"

"अजून नाही," म्हणाली की पुन्हा स्क्रू. परवा मागच्या सीटवरून मलाही तो चांगला दिसत असूनही तिने त्याला तीनदा पिळायला लावलं.