एका गठ्ठ्याचं बेलर

मी बेलर घेतलं त्या उन्हाळ्यात आमच्या अख्ख्या गावात उघड्यावर पडलेला कडबा माझ्या एकट्याचाच होता.

बेलर म्हणजे वाळलेलं गवत उचलून, दाबून, त्याचे चौकोनी गठ्ठे करून दोऱ्यानं बांधणारं यंत्र. निदान दुसऱ्यांकडं तरी ते बांधतं.

आमचं गाव मुरुमजवळ. इथं ज्वारी निघाली की कडब्याची गंजी सावडीनं रचतात. आज माझ्या रानात सगळे, उद्या तुझ्या रानात सगळे. ज्याची गंजी त्याच्याकडं जेवण. सावडीचा कारभार नरसिंगतात्यांकडं. तात्या खाली बाभळीच्या सावलीत बसायचे आणि गंजीवर उभ्या असलेल्या मला दरसाल ऐकवायचे, "बालाजी, पेंढी वाकडी लागली. एवढं शिकून पण तुला सरळ दिसंना व्हय?" सगळे हसायचे. माझी बायको शोभा, तीसुद्धा. (ती अजून म्हणते, मी हसले नाही. हसली होती.) मला त्या सावडीचा वीट आला होता.

अशात कळलं की उमरग्याच्या पुढं, पार राज्याच्या हद्दीवरच्या एका गावात जुनं बेलर विकायचंय. बघायला गेलो. मालकानं गुडघाभर गवताच्या रांगेवरून चालवून दाखवलं. खटाक खटाक करत मागनं गठ्ठे पडायला लागले आणि मला तात्या बिनकामाचे झालेले दिसायला लागले. हे यंत्र गवतासाठी आहे आणि माझा कडबा माझ्यापेक्षा हातभर उंच आहे, हा विचार माझ्या मनात आला नाही. मालकाच्या मनात आला असावा, कारण त्यानं चहा लई घाईत पाजला.

"विकताय कशापायी?" मी विचारलं.

"जनावरं न्हाईत आता घरात," तो म्हणाला. का न्हाईत, ते मी विचारलं नाही.

पैसे मोजले, यंत्र ट्रॅक्टरला जोडलं आणि हायवेनं निघालो. बेलर ट्रॅक्टरच्या मागं सरळ येत नाही. रुसलेल्या पाहुण्यासारखं एका अंगाला बाहेर निघून चालतं. हैदराबादकडचा प्रत्येक ट्रकवाला आधी शिवी देत होता आणि मग हॉर्न, आणि ती शिवी मला तेलुगूतही कळत होती. वाटेत टायर बसलं. त्या मापाचं टायर आता कुणी ठेवत नाही, असं मला प्रत्येक दुकानदारानं अगदी आनंदानं सांगितलं. शेवटी एकानं कुठल्याशा बैलगाडीचं चढवून दिलं. तिथून पुढं यंत्र लंगडत आलं.

गावात शिरताना त्या बाहेर आलेल्या अंगानं एका होतकरू नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा बांबू घेतला. फ्लेक्स अलगद बेलरवर पडला आणि नेते हात जोडून, यंत्रावर बसून गावात आले. पारावरच्या लोकांना वाटलं, योजना आली. "कुठल्या योजनेतनं मिळालं? कागदं कोणती लागतात?" मी खाली उतरेपर्यंत दोघं आधार कार्ड आणायला घरी पळाले होते. तेवढ्यात नेत्याची पोरं आली. त्यांनी मला सगळ्या पारासमोर फ्लेक्सच्या पाया पडायला लावलं.

त्याच पारावर, त्याच तिरमिरीत मी तात्यांना म्हणालो, "यंदा सावडीतनं आमचं नाव काढा. मी कुणाकडं येणार न्हाय, माझ्याकडं कुणी येऊ नका."

तात्या शांतपणे म्हणाले, "बघ बाबा. यंदा आभाळाचं काय खरं न्हाय."

"आभाळाच्या आधी माझे गठ्ठे घरात असतील."

घरात चार म्हशी. एक शोभाच्या माहेराहून आलेली, बाकीच्या तिच्याच पोटच्या. त्यांचं दूध, शेण, दुखणंखुपणं सगळं शोभा बघते. मला धार काढता येत नाही. (येते. म्हशी काढू देत नाहीत.) सावडीचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "अहो, वर्साची वैरण हाय ती. मशीन बिघडलं तर म्हशींना काय घालू, फ्लेक्स?"

बेलरला माल जमिनीवर सुटा लागतो. म्हणून शेजारपाजारी पेंढ्या बांधत होते तेव्हा मी माझ्या माणसांना सांगितलं, बांधू नका, रांगा लावून पसरा. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी त्यांच्यावर ओरडलो. मग यंत्र सुरू केलं, आणि पहिल्याच घासाला कडबा त्याच्या तोंडात आडवा बसला. ओढून काढला, परत घातला, परत आडवा.

मुरुमहून रशीदभाईंना आणलं. ते मळणी यंत्रं दुरुस्त करतात. बेलर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण माझ्यासारखंच त्यांनाही ते कबूल करायचं नव्हतं. "फिकर नक्को करो बालाजीभाई. मळणी यंत्राचाच भाऊ हाय ये." या भावाला गाठ मारायच्या दोन चोची होत्या. डावी नीट केली की उजवी नुसता दोरा फेकायची, उजवी धरली की डावी. कधी ग्रीस जास्त झालं म्हणून, कधी कमी झालं म्हणून. तिकडं गावात गंज्या उभ्या राहत होत्या, रोज कुणाच्या तरी रानातनं जेवणाचा वास येत होता, आणि माझा कडबा रांगेनं झोपला होता.

एके दुपारी तात्या बघायला आले. रशीदभाईंनी कोयत्यानं कडब्याचे तुकडे करून यंत्रात घातले होते. तात्या वाकले आणि त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल आत गेला. (टॉवेलच. देवाची कृपा.) आणि पहिल्यांदाच दोन्ही गाठी बसल्या. मागनं चौकोनी, घट्ट, देखणा गठ्ठा पडला. मी रशीदभाईंना मिठी मारली.

"माझा टॉवेल," तात्या म्हणाले.

"तात्या, आता गठ्ठा सोडता येणार न्हाय."

"का?"

"परत बांधला जाईल याचा भरवसा न्हाय."

"लेकीनं दिलेला हाय रं."

"मिळंल की. म्हशी गठ्ठा खातील तवा मिळंल."

तात्या भर उन्हात मोकळ्या खांद्यानं घरी गेले. दुसरा गठ्ठा काही पडला नाही.

मग एके दिवशी दुपारनंतर आभाळ भरून आलं. शोभा रानात धावत आली. "तात्यांकडं जा. पाया पडा. सगळे आले तर अंधार पडायच्या आत पेंढ्या बांधून हुतील."

"रशीदभाई एवढ्यात करतो म्हणालेत."

रशीदभाई यंत्राखाली होते. त्यांचे नुसते पाय दिसत होते आणि पाय काहीच बोलत नव्हते. शोभानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि स्वतःच निघाली. बांधापर्यंत पोचली तोवर पाऊस आला. दुसऱ्या दिवशी परत आला. बांधलेली पेंढी उभी करता येते, झटकता येते. सुटा कडबा मातीत रुतला, मग काळा पडला, मग त्याला बुरशीचा वास सुटला. म्हशींनी हुंगून तोंड फिरवलं.

पाऊस उघडल्यावर सावडीतले सगळे आले, तात्यासुद्धा. हसायला आले असते तर बरं झालं असतं. काळा कडबा त्यांनी उचलून बांधावर टाकला. शोभानं पिठलं-भाकरी केली होती. कुणी जेवायला थांबलं नाही. आमच्याकडं माणूस काम करून न जेवता गेला, की सावड तुटली असं समजायचं.

दोन म्हशी विकाव्या लागल्या. व्यापाऱ्याच्या टेम्पोत मी चढवायला लागलो तर त्या चढेनात. शोभानं हाक मारली तेव्हा चढल्या. ती घरात गेली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. मला लाज वाटली. अजून वाटते.

पुढच्या साली शोभा तात्यांकडं गेली. मी दाराबाहेर उभा होतो.

"घराचं नाव घालतो की," तात्या म्हणाले. "पण माणूस कोण धरू?"

"मला धरा."

"आणि बालाजी?"

आतनं बराच वेळ शोभाच्या बांगड्या तेवढ्या वाजत राहिल्या. मला वाटलं, माझ्या बाजूनं काही तरी चांगलं शोधत असेल. शेवटी म्हणाली, "ते राहतील घरी. म्हशींना पाणी दाखवायला कुणी तरी लागतंच की."

तेव्हापासून अख्खं गाव रानात असतं आणि मी गोठ्यात. बादली पुढं ठेवतो. दोघी आधी दाराकडं बघतात, शोभा आली का म्हणून. मग माझ्याकडं बघतात. मी गोठ्याबाहेर गेलो की मगच पितात.